आंब्रोळीची मंडळी : 1831 पासूनची वाटचाल

1831 सालच्या फेब्रुवारी महिन्यात डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत प्रेस्बिटेरियन पद्धतीची एतद्देशीय मंडळी स्थापन केली. सभासद बोटांवर मोजण्याइतके होते. ना मंदिर, ना घंटा, ना स्वतःचा पाळक. तरी त्या दिवशी तिला नियम घालून दिले गेले. सभासद कोणाला करून घ्यायचे, प्रभुभोजनाला कोणी यायचे, चुकलेल्याला समज कशी द्यायची, हे सगळे कागदावर आले. पुढे या मंडळीचे नाव गिरगावातल्या आंब्रोळीशी जोडले गेले, ते आजतागायत.

या स्मरणिकेसाठी इतिहास लिहिताना एक गोष्ट मनाशी ठरवली आहे. आपली मंडळी संख्येने कधीच मोठी नव्हती. तिची थोरवी आकड्यांत शोधली तर निराशाच पदरी येईल. तिच्यात कोण आले, घर तुटून आलेल्यांना तिने कसे धरले आणि नंतर त्यांना कुठे कुठे धाडले, या गोष्टींत तिचा खरा इतिहास आहे. म्हणून तो सनावळीच्या क्रमाने सांगितला असला, तरी जिथे माणसे आहेत तिथे जास्त थांबलो आहे.

स्कॉटिश मिशनची सुरुवात मुंबईत झाली नाही, कोकणात झाली. 1823 साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसे बाणकोटला उतरली. बाणकोट, हर्णै या बंदरांच्या आसपास त्यांनी शाळा काढल्या, बाजारांत उपदेश केला. हवामान सोसले नाही, फळही फारसे दिसले नाही. पण कोकणच्या त्या वर्षांनी एक मोठी गोष्ट दिली : मराठी भाषा. 1827 साली आलेले रॉबर्ट नेस्बिट मराठी इतके अस्खलित बोलत की, चेहरा न पाहता ऐकणाऱ्याला हा परदेशी माणूस आहे हे कळत नसे, अशी त्यांची ख्याती होती. 1829 च्या फेब्रुवारीत विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट भारतात आले, तेव्हा मराठी शिकण्यासाठी ते आधी कोकणातच गेले आणि त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत स्थिरावले. आपल्या मंडळीत पहिल्या दिवसापासून उपदेश मराठीत झाला, त्यामागे बाणकोट-हर्णैची ही शिदोरी आहे.

मार्गारेटबाईंच्या वाट्याला मुंबईत सहा वर्षेही आली नाहीत. तेवढ्यात त्यांनी मुलींच्या शाळा उभ्या केल्या, आणि त्याही अशा काळात की मुलगी शिकली तर विधवा होते, अशी समजूत घरोघर होती. त्या स्वतः मराठी शिकल्या, शिकवणाऱ्यांना शिकवत राहिल्या, मिशनच्या मासिकात लिहीत राहिल्या. 1835 च्या एप्रिलमध्ये मुंबईतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या दोन बहिणी, अ‍ॅना बेन आणि हे बेन, स्कॉटलंडहून आल्या आणि त्यांनी ते काम पुढे चालवले. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा याच कामातून वाढली. 1832 साली डॉ. विल्सन यांनी आंब्रोळीला मुलग्यांसाठी सुरू केलेल्या इंग्रजी शाळेतून विल्सन कॉलेज झाले, हे मुंबईकरांना सांगायला नको. मात्र मुलींच्या शाळा त्याच्याही आधीच्या आहेत, हे आपण आपल्याच मंडळीत पुष्कळदा विसरतो. म्हणून इथे मुद्दाम नोंदवले.

1839 च्या मे महिन्यात धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला आणि मुंबई हादरली. पारशी समाजाने शाळेतली मुले काढून घेतली. वर्ग ओस पडले. धनजीभाईंना परत मिळवण्यासाठी प्रकरण न्यायालयात गेले. आपल्या मनाने निर्णय घेण्याइतके त्यांचे वय झाले आहे, असे न्यायालयाने मानले आणि त्यांना जिथे जायचे तिथे जाण्याची मोकळीक दिली. ते मिशनच्या घरी परतले.

परतले म्हणजे काय, याचा विचार आज करावासा वाटतो. त्या तरुणाचे आईवडील, भाषा, जेवणाची पद्धत, सणवार, सगळे एका दिवसात सुटले. बाप्तिस्मा घेणाऱ्याचा वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्कही त्या काळी जात असे. धर्म बदलला म्हणून वारसा बुडू नये असा कायदा व्हायला 1850 साल उजाडावे लागले. अशा माणसाला रविवारची उपासना पुरत नाही. त्याला राहायला जागा लागते, जेवणाचे ताट लागते, आजारपणात उशाशी बसणारे कोणी लागते, आणि लग्नाच्या वेळी मागे उभे राहणारे चार लोक लागतात. मंडळी हे सगळे झाली. विल्सन यांच्या घराच्या आवारात ब्राह्मण, पारशी, यहुदी, हबशी अशी नाना घरची मुले आणि माणसे एकत्र वावरत होती. एका पंगतीला बसणे ही त्या काळच्या मुंबईत साधी गोष्ट नव्हती. जिथे पाण्याच्या भांड्याला हात लागल्याने बाट होत असे, त्या शहरात एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे हे लोक काय करत होते, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना नीट कळत होते. म्हणूनच विरोधही तेवढा कडवा होता.

1843 हे वर्ष मंडळीच्या इतिहासात दोन कारणांसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पहिले कारण एडिंबरोचे. 18 मे रोजी स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेतून शेकडो पाळक उठून बाहेर पडले. पाळकाची नेमणूक जमीनदाराने करायची की मंडळीने, हा वाद अनेक वर्षे धुमसत होता. बाहेर पडलेल्यांनी फ्री चर्च स्थापन केले. पाळकांनी घरे सोडली, पगार सोडले. भारतातले सर्व स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चच्या बाजूने गेले, त्यात मुंबईचे विल्सन, नेस्बिट आणि मरे मिचेलही होते. त्याची किंमत इथेही मोजावी लागली. शाळेसाठी बांधलेली नवी इमारत पूर्ण होत आली होती. ती जुन्या चर्चच्या स्वाधीन करावी लागली आणि काम पुन्हा भाड्याच्या जागेतून सुरू झाले. पुढे खेतवाडीत स्वतःची वास्तू झाली. एका दूरच्या देशातल्या भांडणापायी मुंबईच्या गरीब मंडळीचे छप्पर जावे, हे वरवर अन्यायाचे वाटते. पण आपला पाळक आपण निवडावा हे तत्त्व ज्या मंडळीने अंगीकारले, तिला त्याची झळही लागणारच होती. आज आपण सभासदांच्या मतांनी मंडळीचे वडील (एल्डर) निवडतो, तेव्हा त्या हक्कामागे हा तोटा जमेस धरलेला आहे.

दुसरे कारण आपल्या घरचे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनच्या घरी राहायला आला होता. वडिलांनी न्यायालयाचे दार ठोठावले. श्रीपत अज्ञान असल्यामुळे न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी त्याला वडिलांच्या हवाली केले. मग प्रश्न निघाला की मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा आग्रह धरला आणि कर्मठांचा रोष ओढवून घेतला. मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात हे प्रकरण बाळशास्त्रींच्या धैर्याची साक्ष म्हणून सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. आपल्या मंडळीच्या बाजूने पाहिले तर त्यात दोन भावांची ताटातूट दिसते. एक भाऊ मंडळीत राहिला, दुसऱ्याला त्याची इच्छा नसता परत जावे लागले. मंडळीच्या आरंभीच्या जवळजवळ प्रत्येक नावामागे अशी एखादी ताटातूट आहे.

धनजीभाई 1843 साली डॉ. विल्सन यांच्याबरोबर इजिप्त, पॅलेस्टाईनमार्गे स्कॉटलंडला गेले, एडिंबरोला शिकले आणि 1846 साली त्यांची पाळकपदाची दीक्षा झाली. परत येऊन त्यांनी गुजराती आणि मराठी-गुजराती मिश्र वस्तीत दीर्घकाळ सेवा केली. 1908 पर्यंत ते हयात होते, म्हणजे मंडळीच्या पहिल्या तीन पिढ्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. मराठीचे व्याकरण इंग्रजीतून लिहिणारे गणपतराव नवलकर याच वर्तुळातले. त्यांचे व्याकरण 1868 साली निघाले आणि कित्येक परदेशी माणसे त्यावरून मराठी शिकली. बेळगावचे बाबा पदमनजी मुंबईत फ्री चर्चच्या शाळेत नेस्बिटसाहेबांच्या हाताखाली शिकले. बाप्तिस्मा त्यांनी 1854 साली बेळगावला घेतला. पुढे पुण्याच्या फ्री चर्च मंडळीचे ते पाळक झाले. विधवांची दुःखे सांगणारी त्यांची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली आली आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी त्या काळच्या ख्रिस्ती तरुणाचे मन उघडे करून दाखवले आहे. मंडळीतल्या प्रत्येक घरात ते पुस्तक असावे, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक पान सहसा कोणी उलटत नाही, ते आफ्रिकेचे आहे. अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून इंग्रजी नौदल सुटका झालेली मुले मुंबई बंदरात आणत असे. त्यांतली काही डॉ. विल्सन यांच्या देखरेखीखाली वाढली. 1864 साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपली लहानशी आगबोट स्वतः हाकत झांजिबारहून मुंबईला आले. त्यांच्याबरोबर चुमा आणि विकतानी ही दोन मुले होती, दोघेही गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातून सोडवलेले. लिव्हिंग्स्टननी त्यांना विल्सन यांच्या शाळेत ठेवले. 1865 च्या डिसेंबरात त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि पुढच्याच महिन्यात दोघे लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेला निघाले. विकतानी आपल्या मुलखात, न्यासा सरोवराच्या परिसरात, मागे राहिला. चुमा शेवटपर्यंत राहिला. 1873 साली आफ्रिकेच्या अंतर्भागात लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा चुमा, त्यांचा दुसरा सहायक सुसी आणि त्यांच्या सोबत्यांनी तो देह महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचवला. त्या सोबत्यांत नाशिकजवळच्या शरणपूरला शिकलेले आफ्रिकी तरुणही होते. मुंबईच्या मराठी मंडळीत दीड वर्षे वाढलेला एक मुलगा इतिहासातल्या अशा एका प्रवासाचा वाटेकरी झाला. चुमाने इथे काय गायले, कोणाच्या शेजारी बसला, कोणी त्याला पहिले मराठी शब्द शिकवले, हे शोधण्याजोगे आहे.

आता जालना. माझ्या मते मंडळीच्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे प्रकरण आहे.

रेव्ह. नारायण शेषाद्रींची दीक्षा 1854 साली झाली. मुंबईत त्यांना मान होता, इंग्रजीवर प्रभुत्व होते, शहरात राहून शिकवत आयुष्य घालवता आले असते. ते आधी इंदापूरकडे आणि 1860 नंतरच्या वर्षांत निजामाच्या मुलखात जालन्याला गेले. तिथे त्यांच्याकडे जे लोक आले ते बहुतेक मातंग आणि महार समाजातले होते. गावकुसाबाहेर राहणारे, स्वतःची जमीन नसलेले. मुंबईत मंडळीत आलेल्यांना कुटुंबाने बाहेर काढले होते. इथे आलेल्यांना गावाने आधीपासूनच बाहेर ठेवले होते. त्यांना उपदेश देऊन परत त्याच वस्तीत पाठवणे शेषाद्रींना पटेना. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिथे बेथेल नावाचे गाव वसवले. विहिरी खोदल्या, शेते पाडली, घरे बांधली, शाळा घातली, उपासनामंदिर उभे केले. एका ब्राह्मण घरात जन्मलेला माणूस मातंग-महार कुटुंबांबरोबर एकच पाणवठा वापरत होता आणि त्यांच्या मुलांना शिकवत होता. तो काळ महात्मा फुल्यांनी आपला हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तोच. फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. दोघांचे मार्ग पुष्कळ निराळे होते, पण पाण्याचा प्रश्न दोघांनाही सारखाच दिसला.

शेषाद्री 1873 साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला गेले आणि 1880 साली फिलाडेल्फियाला जगभरच्या प्रेस्बिटेरियन चर्चांच्या परिषदेला. तिथे ते पागोटे घालून व्यासपीठावर उभे राहिले आणि बेथेलच्या शेतकऱ्यांबद्दल बोलले. 1891 साली त्यांचे देहावसान झाले. मुंबईच्या मंडळीने दिलेल्या माणसांत त्यांची जागा पहिली आहे, असे मी म्हणतो. मोठी भाषणे पुष्कळांनी केली. त्यांनी लोकांसाठी गाव उभे केले आणि स्वतः त्याच गावात राहिले.

इथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. प्रेस्बिटेरियन रचनेत सर्व पाळक बरोबरीचे असतात. प्रेस्बिटरीत, म्हणजे पाळक आणि वडिलांच्या सभेत, धनजीभाईंचे आणि शेषाद्रींचे मत विल्सन यांच्या मताइतकेच मोजले जाई. 1870 साली विल्सन एडिंबरोला फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्ष झाले, तरी मुंबईच्या प्रेस्बिटरीत त्यांचे मत एकच. हे तत्त्व मोलाचे होते आणि त्या काळच्या सरकारी कचेऱ्यांत असली बरोबरी स्वप्नातही शक्य नव्हती. पण पैसा आणि नेमणुका मिशनच्या हाती राहिल्या. शाळेचा मास्तर, बायबल सांगणारी बाई, खेड्यातला उपदेशक यांचे पगार स्कॉटलंडहून येत. त्यामुळे स्वावलंबनाला फार वेळ लागला. मंडळीच्या सभेत माणूस वडील म्हणून निवडून येई आणि सोमवारी मिशनच्या कचेरीत नोकर म्हणून उभा राही. या दोन भूमिकांतला ताण कित्येकांनी आयुष्यभर सोसला. स्वावलंबन आले ते हळूहळू, पाळकाच्या पगारासाठी घरोघर वर्गणी गोळा करणाऱ्या माणसांच्या चिकाटीने. दशांश देणे, हंगामाच्या सणाला आलेल्या फळा-भाज्यांचा लिलाव करणे, महिला मंडळाने करंज्या-चकल्या करून विकणे, यातून तो पैसा उभा राहिला. इतिहासात ही नावे येत नाहीत, कारण अहवाल मिशनरी लिहीत.

उपासनेची घडणही अशीच हळूहळू झाली. जुन्या स्कॉटिश मंदिरांत ऑर्गन नव्हता, साथीशिवाय स्तोत्रे गायली जात. पण मराठी माणूस देवापुढे टाळाशिवाय फार काळ गाऊ शकत नाही. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या मंडळीत कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. नारायण वामन टिळकांच्या पदांनी तर सगळ्या पंथांच्या भिंती ओलांडल्या. आज ‘उपासनासंगीत’ हाती घेऊन गाताना कोणाच्याही मनात हे पद कोणत्या मिशनचे असा प्रश्न येत नाही. मंडळ्या कागदावर एक होण्याच्या पुष्कळ आधी त्या गाण्यात एक झाल्या होत्या.

कागदावरची एकी टप्प्याटप्प्याने आली. 1904 साली देशातल्या प्रेस्बिटेरियन मिशनांच्या मंडळ्यांनी मिळून भारतातले प्रेस्बिटेरियन चर्च स्थापन केले. महाराष्ट्रात या कुटुंबाची दुसरी मोठी शाखा कोल्हापूरची होती. रॉयल वाइल्डर 1852 साली तिथे गेले आणि 1870 साली ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे आले. डॉ. विल्यम वानलेस यांचे मिरजेचे रुग्णालय याच शाखेचे. 1924 साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन उत्तर हिंदुस्थानचे संयुक्त चर्च झाले, त्यामुळे अहमदनगरचे आणि आपले नाते घरचे झाले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. आता आपल्याकडे बिशप आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी बिशप नकोत म्हणून स्कॉटलंडात लढे दिले, त्यांच्या मंडळीने हे मान्य केले, याचे काहींना वाईट वाटले. ते समजण्यासारखे आहे. पण वडिलांचे मत, सभासदांची सभा, पास्टरेट कमिटीची निवडणूक हे सगळे आपण बरोबर घेऊन गेलो. एका गावात एका प्रभूची दोन-दोन मंदिरे आणि त्यांच्यात अबोला, हे आपल्या लोकांना कधीच मनापासून पटले नव्हते.

2031 साली मंडळीला दोनशे वर्षे पूर्ण होतील. त्या वेळी सविस्तर इतिहास निघावा, अशी इच्छा आहे. छापील अहवालांतून मिशनऱ्यांची चरित्रे मिळतात. इथल्या कुटुंबांची माहिती मात्र घराघरांत आहे. जुने बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचे फोटो, शब्बाथ शाळेची बक्षिसाची पुस्तके, पाठीमागच्या पानावर नावे लिहिलेली बायबले, जालना, इंदापूर किंवा पुण्याहून आलेली नातेवाइकांची पत्रे, असे जे काही असेल ते पास्टरेट कमिटीच्या सचिवांना दाखवावे. मूळ कागद कायमचा द्यायची गरज नाही, प्रत काढून तो परत केला जाईल. ज्या आजी-आजोबांना आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेले काही आठवते, त्यांच्याकडे तरुण संघाच्या मुलांनी वही घेऊन बसावे, आणि ते काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.